मालक नव्हे, दलालही नव्हे!

दैनिकाच्या आतल्या पानांवर 'जाहीर नोटीस' या मथळ्याखाली बारीक टायपात जे मजकूर छापून येतात, ते वाचणारे वाचक थोडेच. वकिलाच्या नावे आलेल्या त्या आठ-दहा ओळींत अमुक मिळकत आमच्या पक्षकारांनी कायम खरेदी घेण्याचे ठरविले असून तीवर कोणाचा हक्क, बोजा वा दावा असल्यास त्याने मुदतीत कळवावे, असे बजावलेले असते. वरवर पाहता ही एका खरेदीची पूर्वसूचना. परंतु ज्याचे नाव या नोटिशीत बहुधा येत नाही आणि तरीही व्यवहारातला मोठा लाभ ज्याच्या पदरी पडतो, असा एक तिसरा इसम कित्येक व्यवहारांत मूळ मालक आणि अखेरचा खरेदीदार यांच्यामध्ये उभा असतो. तो मालक नसतो, कारण त्याने खरेदी केलेली नसते. तो दलालही नसतो. निदान स्वतःला दलाल म्हणवीत नाही. त्याच्या हाती असते ते केवळ एक साठेखत, आणि त्याच्या बळावर तो एकाची जमीन दुसऱ्याला विकत असतो.

अमेरिकेत या व्यवसायाला 'होलसेलिंग', म्हणजे स्थावर मालमत्तेचा घाऊक व्यापार, असे नाव पडले आहे. आणि तो परवान्याशिवाय करता येतो की नाही, यावर तेथील राज्यांनी गेल्या काही वर्षांत एकामागून एक कायदे केले आहेत. आपल्याकडे या व्यवसायाला असे रूढ नाव नाही. नाव नाही म्हणून व्यवसायही नाही, असे मात्र नव्हे. साठेखत करायचे आणि खरेदीखतापूर्वीच जमीन पुढे विकायची, हा प्रकार तालुक्याच्या गावापासून महानगरापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्रात तो कायदेशीर आहे काय? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. एखाद्याने प्रसंगवशात् केला तर तो वैध आहे. जमिनीचे तुकडे पाडून नोंदणीविना केला तर तो बहुतेक वेळा अवैध आहे. आणि नित्याचा धंदा म्हणून केला तर कायदा मौन पाळतो. हे मौन आता सुटले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्यवहाराची रीत

एक उदाहरण घेऊ. माणसे कल्पित आहेत, रीत खरी आहे. एका दिवंगत शिक्षकाच्या पत्नीच्या नावे तालुक्याच्या गावी पाच गुंठ्यांचा बिगरशेती भूखंड आहे. मुले नोकरीनिमित्त परगावी आहेत. एक गृहस्थ येतात, "काकू, तुमचा भूखंड मी वीस लाखांना घेतो" असे म्हणतात, एक लाख रुपये विसार देतात आणि सहा महिन्यांच्या मुदतीचे साठेखत लिहून घेतात. त्या साठेखतात एक वाक्य असते. मुदतीत खरेदीखत 'लिहून घेणार यांच्या अथवा ते सांगतील त्या इसमाच्या नावे' करून देण्याचे लिहून देणार यांनी कबूल केले आहे, असा त्याचा आशय. काकूंना त्यात वावगे काही दिसत नाही. वास्तविक साऱ्या धंद्याचे मर्म त्या एका वाक्यात साठविलेले असते.

चार महिन्यांनी तोच भूखंड एका बँक कर्मचाऱ्याला सत्तावीस लाखांना दाखविला जातो. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत काकू 'लिहून देणार' म्हणून सही करतात, बँक कर्मचारी 'लिहून घेणार' म्हणून, आणि आपले गृहस्थ 'मान्यता देणार' म्हणून. कित्येकदा तेवढीही सही होत नाही. सात लाखांचा फरक परस्पर हाती घेऊन ते दस्ताबाहेरच राहतात. दलालीचा दर दोन टक्के धरला, तर वीस लाखांच्या व्यवहारावर दलालाला काकूंकडून चाळीस हजार मिळाले असते. दलालाला जे चाळीस हजारांत करावे लागले असते, त्याचे येथे सात लाख झाले. शिवाय दलाल ज्याचे काम करतो त्याच्याशी तो बांधलेला असतो. सत्तावीस लाखांचे गिऱ्हाईक मिळाले, तर ते मालकाला सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आपल्या गृहस्थांवर असे कोणतेही कर्तव्य नाही. किंबहुना ते गिऱ्हाईक मालकापासून लपवून ठेवणे, यावरच त्यांचा धंदा चालतो.

आणि गिऱ्हाईक मिळालेच नाही, तर? गृहस्थांच्या खिशात एकोणीस लाख कधीच नव्हते. मग मुदतवाढ मागितली जाते. काकूंनी नकार दिला की दाव्याची भाषा सुरू होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नोंदणी न झालेले साठेखतही, त्यावर योग्य मुद्रांक असल्यास, विशिष्ट पूर्ततेच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून न्यायालयात मांडता येते. आणि असा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत लावता येतो. २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष अधिनियमात दुरुस्ती झाल्यापासून करार पुरा करून देण्याचा आदेश देणे न देणे हे पूर्वीसारखे न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिलेले नाही. वादीची तयारी आणि ऐपत सिद्ध व्हावी लागते, हे खरे. परंतु ती सिद्ध होते की नाही हे ठरेपर्यंत वर्षे लोटतात. दाव्याची नोटीस एकदा नोंदविली गेली की त्या भूखंडाकडे दुसरा कोणी फिरकत नाही. एक लाख रुपयांच्या विसारावर वीस लाखांची मिळकत अशी वर्षानुवर्षे गोठवून ठेवता येते. मुलीचे लग्न, शस्त्रक्रिया, नातवाचे शिक्षण यांसाठी भूखंड विकायला निघालेल्या कुटुंबाला वर्षे मोजण्याची सवड नसते. म्हणून बहुतेक कुटुंबे मुकाट्याने मुदतवाढ देतात, नाहीतर विसाराच्या वर आणखी काही रक्कम देऊन साठेखत रद्द करून घेतात.

अखेरचा खरेदीदारही सुरक्षित नाही. सत्तावीस लाखांपैकी वीसच लाख खरेदीखतात दाखविले गेले, तर बँकेचे कर्ज त्या वीस लाखांच्या हिशेबाने मिळते. वरचे सात लाख त्याने कोठूनही आणावेत. उद्या त्याने तो भूखंड विकला, तर खरेदीची किंमत वीस लाखच धरली जाऊन कराचा भार वाढतो. आणि व्यवहार मध्येच फिसकटला, तर मध्यस्थाच्या हाती दिलेली रक्कम त्या भूखंडातून वसूल करता येत नाही. मालकाला आगाऊ पैसे देणाऱ्या खरेदीदाराचा त्या रकमेपुरता बोजा मिळकतीवर राहतो, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ सांगते. पण हा बोजा विकणाऱ्याचा मिळकतीत जेवढा हक्क असेल तेवढ्यापुरताच. मध्यस्थाचा मिळकतीत हक्कच नसल्यावर बोजा बसणार कशावर?

विकले जाते ते काय?

आता मूळ कायद्याकडे वळू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याचे कलम ५४ निःसंदिग्धपणे सांगते की, विक्रीचा करार स्वतःहून मिळकतीत कोणताही हितसंबंध वा बोजा निर्माण करीत नाही. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत, आणि म्हणून अमेरिकेतही, करार झाल्याबरोबर खरेदीदाराला मिळकतीत एक प्रकारचा समन्यायी हक्क प्राप्त होतो. तेथील घाऊक व्यापारी याच हक्काचा आधार घेतो. "मी दुसऱ्याचे घर विकत नाही, घरातील माझा हक्क विकतो" असे तो म्हणतो. आपल्याकडे हा बचाव मुळातच लंगडा आहे. भारतीय कायद्यात असा हक्क करारातून उत्पन्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या नारनदास करसनदास प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा साठेखतधारक विकतो ती जमीनही नव्हे, जमिनीतील हक्कही नव्हे. तो विकतो करार पुरा करून मागण्याचा अधिकार.

हा अधिकार मात्र विकता येतो. कराराचे लाभ दुसऱ्याला देता येतात, कराराची दायित्वे मात्र समोरच्याच्या संमतीवाचून दुसऱ्यावर ढकलता येत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या खर्डा कंपनीच्या निवाड्यात मांडले. करारात मनाई नसेल आणि करार व्यक्तिगत विश्वासावर वा कौशल्यावर आधारलेला नसेल, तर ज्याच्याकडे तो अधिकार आला त्यालाही विशिष्ट पूर्तता मागता येते, असे १९६३ चा विशिष्ट अनुतोष अधिनियम सांगतो. यामागे शहाणपण आहे. साठेखत केल्यावर एखाद्याची बदली होते, घरात आजारपण येते, कर्ज नामंजूर होते. अशा माणसाला आपला करार दुसऱ्याला देऊन मोकळे होता आले नाही, तर तो विसाराला मुकतो. तेव्हा कराराचे हस्तांतरण हाच अपराध मानणे, हे रोगाबरोबर रोग्यालाही मारण्यासारखे होईल.

पूर्वी या धंद्याचा राजमार्ग वेगळा होता. मालकाकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यावे, पूर्ण पैसे द्यावेत आणि खरेदीखत न करताच मिळकत पुढे विकावी, अशी ती रीत. २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्वाळा दिला. महाराष्ट्राच्या मुद्रांक अधिनियमानेही नात्याबाहेरच्या माणसाला विक्रीचे अधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रावर खरेदीखताइतके शुल्क बसविले. राजमार्ग असा अरुंद झाल्यावर आडवाट रुंदावली. साध्या वा नोटरीसमोरच्या साठेखतावर मिळकत अडवून ठेवणे, हीच ती आडवाट. तेथे मुद्रांक थोडा, नोंदणी नाही आणि कोणाच्या दप्तरी नावही नाही.

परवाना कोणाला लागतो?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि मे २०१७ पासून तो पूर्णपणे अंमलात आला. महाराष्ट्रात त्याची धुरा 'महारेरा'कडे आहे. या कायद्याने दलालाची व्याख्या व्यापक केली. मध्यस्थ कोणत्याही नावाने वावरत असला, तरी तो तीत येतो. पण त्या व्याख्येचा कणा 'दुसऱ्याच्या वतीने' हा आहे. आमचे साठेखतधारक गृहस्थ स्वतःच्या वतीने बोलतात. ते मालकाकडून वा खरेदीदाराकडून दलाली घेत नाहीत. किमतीतील फरक घेतात. म्हणून व्याख्येच्या उंबरठ्यावरूनच ते परत फिरतात.

समजा, ते व्याख्येत आले, तरी पुढे दुसरी भिंत आहे. नोंदणीची सक्ती करणारे कलम ९ नियोजन क्षेत्रातील, नोंदणी झालेल्या प्रकल्पातील आणि प्रवर्तक विकत असलेल्या सदनिका वा भूखंड यांच्यापुरतेच आहे. जुन्या सदनिकेची फेरविक्री, वाडवडिलांचा वाडा, गावाबाहेरचा एकटा भूखंड, शेतजमीन यांची दलाली या कलमाच्या कक्षेत येत नाही. परिणाम मोठा विचित्र झाला आहे. नव्या इमारतीतील एक सदनिका विकून देणाऱ्या दलालाने नोंदणी करावी लागते, आणि महारेराच्या २०२३ च्या निर्णयानंतर प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नोंदणी चुकविल्यास रोज दहा हजार रुपये आणि एकूण मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट वर्षाला दहा भूखंड साठेखतावर अडकवून पुढे विकणाऱ्याला ना परीक्षा, ना नोंदणी, ना हिशेबाची वही.

एका बाबतीत मात्र कायद्याचे दात तीक्ष्ण आहेत, आणि ते पुरेसे वापरले पाहिजेत. साठेखतधारकाने एखादी जमीन घेऊन, तिचे तुकडे पाडून, आराखडा रंगवून भूखंड विकायला काढले, की तो केवळ मध्यस्थ राहत नाही. तो 'प्रवर्तक' ठरतो. जमीनमालकाचे कुलमुखत्यारपत्र आपल्याकडे आहे, असे सांगून भूखंड विकणाराही कायद्याने प्रवर्तकच मानलेला आहे. नियोजन क्षेत्रातील असा प्रकल्प पाचशे चौरस मीटरहून, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांहून, मोठा असेल, तर नोंदणीपूर्वी त्याची जाहिरातही करता येत नाही. नोंदणी टाळल्यास प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होतो, आणि आदेश मोडून तेच चालू ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शहराच्या वेशीवर 'अमुक पार्क', 'तमुक नगरी' असे फलक लावून, चुन्याच्या रेघा मारून भूखंडांचे आरक्षण घेणाऱ्यांपैकी कितीजणांच्या नावे सातबारा आहे आणि कितीजण नुसत्या साठेखतावर उभे आहेत, याची झडती घेतली तर पुष्कळांची झोप उडेल.

शासनाला हा मधला माणूस दिसतच नाही, असेही नाही. बांधकाम व्यावसायिकाकडून सदनिका घेऊन ती ठराविक मुदतीत पुढे विकणाऱ्याला महाराष्ट्राचा मुद्रांक अधिनियम 'गुंतवणूकदार' म्हणून ओळखतो आणि आधी भरलेल्या शुल्काची वजावटही देतो. ही मुदत पूर्वी एक वर्षाची होती. २०२२ मध्ये ती तीन वर्षांची करण्यात आली. महसुलाच्या वहीत ज्याला स्वतंत्र रकाना आहे, त्याच्यासाठी उत्तरदायित्वाच्या वहीत ओळसुद्धा असू नये, ही विसंगती शासनाने किती दिवस चालू द्यावयाची?

अमेरिकेतील राज्यांनी काढलेली वाट

अमेरिकेत स्थावर मालमत्तेच्या दलालीला राज्याचा परवाना लागतो. घाऊक व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, आम्ही दलाल नसून करारातील पक्ष आहोत. सबब परवाना आम्हांला लागू नाही. राज्यांनी याला वेगवेगळी उत्तरे दिली. टेक्सासने २०१७ मध्ये प्रकटीकरणावर भर दिला: आपण मालक नसून केवळ करारातील हक्क विकत आहोत, हे खरेदीदाराला सांगितले तर ठीक, न सांगितले तर ती विनापरवाना दलाली. इलिनॉयने २०१९ मध्ये वारंवारतेची कसोटी लावली: बारा महिन्यांत दोन वा अधिक वेळा असे करार फिरविले, की तो धंदा झाला आणि धंदा झाला की परवाना हवा. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये असा हक्क जाहिरात करून विकणाऱ्याला परवाना आवश्यक केला. पेनसिल्व्हेनियाच्या २०२४ च्या कायद्याने परवान्याबरोबरच घरमालकाला करार रद्द करण्यासाठी तीस दिवसांची सवलत दिली. साउथ कॅरोलायना त्याच वर्षी सर्वांत पुढे गेले. निवासी मालमत्ता आपल्या नावे होण्यापूर्वीच दुसऱ्याला विकायला काढणे, यालाच त्या राज्याने मज्जाव केला.

या साऱ्या कायद्यांमागे एकच जाणीव आहे. व्यवहाराचे नाव काय आणि कागदावर सही कोणत्या रकान्यात, यापेक्षा माणूस प्रत्यक्षात कोणते काम करतो हे महत्त्वाचे. जो नित्य दुसऱ्यांच्या मिळकतींसाठी गिऱ्हाइके शोधतो आणि त्यावर उपजीविका करतो, तो दलालाचेच काम करीत असतो. त्याने करारात स्वतःचे नाव घातले म्हणून कामाचे स्वरूप बदलत नाही. बदलते ती फक्त त्याची जबाबदारी, आणि तीही कमी होते. जेथे कराराने मिळकतीत हक्क निर्माण होतो, तेथील राज्यांनाही हे मोकाट सोडणे परवडले नाही. आपला कायदा तर तो हक्कही मानत नाही. मग आपल्याकडे ही मोकळीक कोणत्या न्यायाने चालावी?

दुसरी बाजू

या मध्यस्थांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. आपल्याकडील जमिनीचे कागद क्वचितच सरळ असतात. वारसांची नावे लागलेली नसतात, मोजणी झालेली नसते, भावाभावांत बोलणे नसते. वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयाचे उंबरे झिजविणे, दूरच्या आतेबहिणीचे हक्कसोड मिळविणे, ही कामे हे लोक करतात. पडून राहिलेल्या मिळकतीला त्यांच्यामुळे गिऱ्हाईक मिळते. काहीजण विसारच नव्हे, तर निम्मी रक्कम देऊन खरोखर जोखीम पत्करतात. अशा श्रमाचा आणि जोखमीचा मोबदला त्यांना मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही.

पण या युक्तिवादातूनच परवान्याची गरज सिद्ध होते. औषधविक्रेत्याचे काम समाजोपयोगी आहे, म्हणूनच त्याला परवाना लागतो. काम उपयुक्त असेल, तर ते उजेडात करण्याला हरकत नसावी. मोबदला रास्त असेल, तर तो मालकाला सांगण्याला संकोच नसावा. "मी ही जमीन स्वतःसाठी घेत नसून पुढे विकण्यासाठी घेत आहे, आणि तीवर मला नफा अपेक्षित आहे" एवढे वाक्य साठेखतात घालताच जो सौदा मोडेल, तो सौदा अज्ञानाच्या पायावर उभा होता, असेच म्हटले पाहिजे.

नुसता परवाना दिला की सचोटी येते, अशा भ्रमातही राहू नये. परवान्यातून दप्तरदिरंगाई आणि चिरीमिरी यांची नवी खिडकी उघडण्याचा धोका आपल्याकडे नेहमीचा. तथापि परवान्याचा खरा उपयोग वेगळा आहे. परवाना म्हणजे पत्ता. तक्रार कोणाविरुद्ध करावयाची आणि कोणापुढे करावयाची, हे त्याने निश्चित होते. आज काकूंना दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता आहे. आणि उघड फसवणूक सिद्ध करता आली, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. परंतु फसवणूक झालेली नाही, केवळ माहिती दडविली गेली आहे, अशा मधल्या प्रदेशात त्यांची दाद घेणारे व्यासपीठ कोणतेही नाही.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट, दलालांच्या नोंदणीची सक्ती प्रवर्तकाच्या विक्रीपुरती मर्यादित न ठेवता फेरविक्रीला आणि एकेकट्या भूखंडांनाही लागू करावी. त्यासाठी संसदेने कलम ९ दुरुस्त करणे हा सरळ मार्ग. तो लांबणार असेल, तर करार आणि मालमत्ता हस्तांतरण हे समवर्ती सूचीतील विषय असल्याने राज्यालाही, राष्ट्रपतींच्या संमतीने, पाऊल टाकता येईल. केंद्राचा कायदा येण्यापूर्वी महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला होता, हे येथे स्मरावे. केंद्रीय कायद्याने तो पुढे रद्द केला, पण पुढाकार घेण्याची परंपरा तर रद्द झालेली नाही.

दुसरी गोष्ट, साठेखताचे हस्तांतरण प्रसंगवशात् करणारा आणि धंदा म्हणून करणारा यांत कायद्याने रेघ ओढावी. वर्षातून एकदा करार दुसऱ्याला देणाऱ्या गरजू माणसाला हात लावू नये; त्यापुढे गेला त्याने नोंदणी करावी, हिशेब ठेवावा आणि मालकाला आपला हेतू लेखी कळवावा. तिसरी गोष्ट, अशा धंदेवाइकाबरोबर केलेल्या करारातून काही दिवसांत विसार परत करून बाहेर पडण्याची मुभा मालकाला असावी. आणि चौथी, साठेखताची नोंदणी अल्प शुल्कात सक्तीची करावी. ज्या दस्तावर लाखोंची मिळकत अडून राहते, तो निबंधकाच्या सूचीत दिसलाच पाहिजे. प्रवर्तकाने नोंदणीकृत करारावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असा दंडक २०१६ च्या कायद्याने घातला आहे. सदनिका घेणाऱ्याला जे संरक्षण, ते भूखंड घेणाऱ्याला का नको?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर विकणाऱ्याने साठेखतातील 'ते सांगतील त्या इसमाच्या नावे' हे शब्द दिसताच थांबावे. ते काढून टाकावेत, किंवा ठेवायचे झाल्यास आपल्या लेखी संमतीची अट त्यांना जोडावी. मुदत थोडी ठेवावी, विसार भरीव घ्यावा, आणि मुदत टळल्यास करार आपोआप संपेल असे स्पष्ट लिहून घ्यावे. विसाराची वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे, हेही विसरू नये. विकत घेणाऱ्याने पैसा केवळ ज्याच्या नावे सातबारा वा मिळकतपत्रिका आहे त्याच्या खात्यावर द्यावा. मध्यस्थाचा मोबदला असेल तो दस्तात उघड लिहावा. आणि नव्या वसाहतीतील भूखंड असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिल्यावाचून एक पैही देऊ नये.

शिक्षक, कारकून, लहान नोकरदार यांच्या आयुष्यात जमिनीचा व्यवहार एकदा, फार तर दोनदा होतो. समोरचा माणूस तो महिन्यातून दोनदा करीत असतो. असा सामना कधी बरोबरीचा होत नाही, आणि बरोबरी नसेल तेथे पारडे सावरून धरणे हेच कायद्याचे प्रयोजन. त्या शिक्षकाच्या पत्नीने आपला भूखंड वीस लाखांना विकावा की सत्तावीस लाखांना, हे कायद्याने ठरविण्याचे कारण नाही. समोर बसलेला माणूस खरेदीदार आहे की विक्रेता, एवढे तिला सही करण्यापूर्वी कळावे, ही अपेक्षा मात्र अवाजवी म्हणता येणार नाही.